लग्न लागलं, नंबर लागायचाय

मुलगा अमेरिकेत आहे म्हटल्यावर बघण्याच्या कार्यक्रमात काय काय विचारतात, ते आपल्याला पाठ आहे. पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, आई-वडील सोबत राहतात का, मंगळ आहे का. हल्ली आणखी एक प्रश्न वाढलाय. ‘एच-वनवर आहे की ग्रीन कार्ड झालंय?’ उत्तर ‘ग्रीन कार्ड’ असं आलं की मुलीकडची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि चहाचा दुसरा कप आग्रहाने पुढे केला जातो. माझ्या मते खरी गफलत इथेच होते.

एच-वनवर असलेल्या मुलाने डिसेंबरात येऊन लग्न केलं, तर त्याच्या बायकोला एच-फोर व्हिसा मिळून ती बऱ्याचदा दोन-चार महिन्यांत तिकडे पोचते. नवरा अमेरिकन नागरिक असेल तर बायको ‘निकटच्या नातेवाईकां’त मोडते. त्या व्हिसांना वार्षिक मर्यादा नाही, पण कागदपत्रांत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. आणि नवरा ग्रीन कार्डवाला असेल तर? तिचं नाव ‘एफ२ए’ नावाच्या रांगेत जातं. ग्रीन कार्डधारकांच्या बायका, नवरे आणि मुलं, सगळ्या जगातली, एकाच रांगेत. कौटुंबिक दुसऱ्या पसंतीच्या वर्गाला कायद्याने वर्षाला मुळात १,१४,२०० व्हिसा दिले आहेत, त्यांतले ७७ टक्के या रांगेसाठी. नोकरीच्या ग्रीन कार्डाला भारतीयांना देशनिहाय मर्यादेचा जो फटका बसतो, तो इथे फारसा बसत नाही, एवढंच काय ते समाधान. थोडक्यात, कच्च्या व्हिसावरच्या नवऱ्याची बायको लवकर जाते आणि पक्क्या कार्डवाल्याची मागे राहते.

यातही एक मेख आहे. नवऱ्याला नोकरीतून किंवा भावंडांच्या वर्गातून ग्रीन कार्ड मिळायच्या आधी लग्न झालेलं असेल, तर बायको त्याच्याच अर्जाच्या आधाराने मागाहून जाऊ शकते. कार्ड मिळाल्यानंतर लग्न झालं, तर सगळं पहिल्यापासून. म्हणून कार्डाच्या जवळ पोचलेल्या मुलाला वकील सांगतो, ‘आधी लग्न उरकून घे.’ याउलट, ज्याच्या ग्रीन कार्डवाल्या आई-वडिलांनी त्याच्यासाठी ‘एकवीस वर्षांवरील अविवाहित मुलगा’ या वर्गात अर्ज केलाय, त्याने लग्न केलं की तो अर्ज तिथल्या तिथे रद्द. विवाहित मुलासाठी ग्रीन कार्डवाल्या पालकांना वर्गच नाही. त्याला सांगतात, ‘कार्ड हातात पडेपर्यंत बोहल्यावर चढू नकोस.’ अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढतं. कोणत्या वर्गात कोणत्या तारखेपर्यंतचे अर्ज घेतले जातील याचा तक्ता असतो तो. अशा घरांमध्ये दाते पंचांगाच्या आधी तो उघडला जातो. मुहूर्त त्यावरून निघतो, पंचांगातून फक्त वेळ.

माझ्या भाचीच्या लग्नात असा तक्ता कुणीच उघडला नव्हता. मुलाच्या आत्याने फार वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांसाठी अर्ज करून ठेवला होता. भावंडांच्या त्या वर्गात भारतीयांना दीड-दोन दशकं थांबावं लागतं. २०१८ मध्ये नंबर लागला तेव्हा मुलगा वयाच्या मर्यादेत बसत होता, म्हणून आई-वडिलांबरोबर तोही न्यू जर्सीला गेला. २०२२ च्या डिसेंबरात सांगलीत लग्न झालं. जानेवारीत त्याने आय-१३० हा मूळ अर्ज भरला. त्या वेळी एफ२ए वर्ग खुला होता. २०१९ च्या जुलैपासून तो सलग खुला होता, म्हणजे रांगच नव्हती. सगळे निवांत. एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये एकदम तारीख आली : ८ सप्टेंबर २०२०. त्या दिवसाच्या आधी ज्यांनी अर्ज केला असेल त्यांनाच व्हिसा. भाचीच्या अर्जाला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

‘मावशी, म्हणजे मी आता किती मागे?’ तिने विचारलं होतं. याचं सरळ उत्तर नसतं. तारीख कधी दोन महिने पुढे सरकते, कधी वर्षभर ढिम्म हलत नाही. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही या वर्गात चार-पाच वर्षांची वाट पाहणं नेहमीचं होतं. लग्नानंतर तीन आठवड्यांनी नवरा परत गेला आणि मुलगी शाळेत जाईपर्यंत वर्षातून एकदाच दिसला, अशी घरं पुण्यात सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत होती. शेवटी २००० साली अमेरिकेने ‘लाइफ ॲक्ट’ करून तीन वर्षं ताटकळलेल्या बायका-मुलांसाठी ‘व्ही’ व्हिसा काढला. पण तो फक्त २१ डिसेंबर २०००, म्हणजे कायदा झाला त्या दिवसापर्यंत, अर्ज केलेल्यांसाठी. मागचा तुंबारा उपसला आणि दार लावून घेतलं.

या काळात ‘टुरिस्ट व्हिसावर जाऊन ये की’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नये. पर्यटक व्हिसा मागणारा माणूस तिकडे कायमचा राहायलाच येतोय, असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे अर्जदाराने पटवायचं असतं. जिच्या नावाने कायमच्या वास्तव्याचा अर्ज आधीच फायलीत पडलाय, ती काय पटवणार? त्यामुळे भेटायचं तर नवऱ्यानेच यायचं, त्याच्या रजेत आणि त्याच्या खर्चाने. आणि हिने माहेरी राहायचं. सासर अमेरिकेत, त्यामुळे इकडे सासर म्हणायला जागाच नाही. गणपतीत हळदीकुंकवाला आलेल्या बायका ‘अजून इथेच का गं?’ म्हणतात, तेव्हा एप्रिलचं बुलेटिन त्यांना समजावत बसायचं नसतं. भाचीने एका लॅबमधली नोकरी लग्नाआधी सोडली होती, ‘दोन-तीन महिन्यांसाठी कशाला’ म्हणून. मे महिन्यात तिने ती परत धरली. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात तिने घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय.

रांग हा या प्रक्रियेचा एक भाग झाला. दुसरा भाग नावांचा, आणि मराठी बायकांची खरी दमछाक तिथे होते.

भाचीचा जन्मदाखला मी हातात घेऊन पाहिलाय. नमुना ५, नगरपालिकेचा गोल शिक्का, वडिलांचं नाव बरोबर, तारीख बरोबर. बाळाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. बारशाच्या आधीच दवाखान्यातून नोंद गेली आणि नंतर नाव घालायला कुणी फिरकलं नाही. त्या पिढीतल्या निम्म्याअधिक दाखल्यांची हीच गत असावी असं मला वाटतं. त्यावर कडी म्हणजे आईचं नाव. पहिलं बाळंतपण माहेरी. आजोळच्या गावच्या दवाखान्यात सगळे माझ्या बहिणीला माहेरच्या नावाने ओळखणारे. त्यामुळे ‘आईचे नाव’ या ठिकाणी तिचं लग्नाआधीचं पूर्ण नाव, आमच्या वडिलांचं नाव आणि आमच्या आडनावासकट. आता भाचीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आईचं नाव वेगळं, आधारवर वेगळं, पासपोर्टवर तिसरंच. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ इथे ‘नॅशनल व्हिसा सेंटर’ आहे. मूळ अर्ज मंजूर झाला की सगळी कागदपत्रं तिथे तपासली जातात. तिथे बसलेल्या माणसाने ‘पहिलं बाळंतपण माहेरी’ ही प्रथा कुठून ओळखावी? त्याला एका मुलीच्या दोन आया दिसतात.

उपाय असतात, पण ते पायपिटीचे. नगरपालिकेत नाव समाविष्ट करण्याचा अर्ज, त्याला शाळेचा दाखला जोडायचा. आईच्या दोन नावांबद्दल स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र : ‘ही व ती व्यक्ती एकच असून…’ दाखलाच नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असं त्या कार्यालयाकडून लेखी घ्यायचं आणि आई-वडिलांची किंवा जन्माच्या वेळी हजर असलेल्या नातेवाइकांची शपथपत्रं जोडायची. ज्यांची जन्मनोंद वर्ष उलटून गेल्यावर झालीय, त्यांनाही असेच जोडकागद लागतात. हे सगळं करायला मुलीचे वडील जातात. निवृत्त झालेल्या माझ्या मेव्हण्यांना दोन वर्षं हाच उद्योग होता. काखेत प्लॅस्टिकची बटणाची फाइल, खिशात पाच-सहा पासपोर्ट फोटो, आणि खिडकीतला माणूस जेवायला कधी जातो याची अचूक माहिती.

लग्नाच्या दाखल्याचंही तसंच. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाह नोंदणी होते. नमुना ‘ड’ भरायचा, तीन साक्षीदार, भटजींची सही, लग्नाची पत्रिका, आणि मग नमुना ‘इ’ हा दाखला हातात पडतो. दहा-बारा दिवसांच्या रजेवर आलेल्या नवरदेवाला घेऊन पूजा, गोंधळ, देवदर्शन यांतून वेळ काढून निबंधकासमोर उभं राहायचं म्हणजे तारांबळच. पण नवरा परत गेल्यावर हेच काम महिनोन्‌महिने अडकतं, तेव्हा तुळजापूरला दोन दिवस उशिरा गेलेलं चालेल. देवी समजून घेते.

लग्नात नाव बदलण्याचा आपला हौशी प्रकार तर व्हिसावाल्यांना सांगूच नये असा. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायचं, उखाणा घ्यायचा, पेढे वाटायचे, सगळं छान. पण डीएस-२६० या इमिग्रंट व्हिसाच्या अर्जात ‘आजवर वापरलेली सर्व नावं’ असा प्रश्न आहे. ताटातलं नाव कुठल्या बँक खात्यावर किंवा फेसबुकवर गेलं असेल, तर ते तिथे लिहावं लागतं. भाचीच्या सासूबाईंनी हौसेने नवं नाव ठेवलं होतं. ते ताटातच राहिलं म्हणून बरं. पासपोर्ट बदलून त्यावर नवऱ्याचं नाव-आडनाव घेतल्याशिवाय व्हिसा मिळत नाही, हा एक पक्का गैरसमज आपल्याकडे आहे. एजंट लोक तो जोपासतात, कारण त्यात त्यांची फी असते. लग्नाआधीच्या नावाचा पासपोर्ट पूर्णपणे चालतो. लग्नाचा दाखला त्यासाठीच असतो.

डीएस-२६० मध्येच सोळाव्या वर्षापासून राहिलेले सगळे पत्ते लिहायचे असतात. वसतिगृह, पेइंग गेस्ट, मावशीचं घर, सगळं. सोबत पासपोर्ट कार्यालयाकडून पोलिसांचा दाखला, ज्याला सगळे पीसीसी म्हणतात. इंग्रजीत नसलेल्या कागदाचं भाषांतर लागू शकतं, मात्र ते शासकीय भाषांतरकाराकडूनच हवं असं नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने ‘मी हे अचूक भाषांतर केलं आहे’ असं सही करून द्यायचं. भाचीच्या वडिलांना एकाने पानामागे इतके असे भलतेच पैसे सांगितले होते, ते माझ्या इंग्रजीच्या जिवावर वाचले.

पैशांचं म्हणाल तर आय-१३० ला १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ६२५ डॉलर आणि कागदावर भरल्यास ६७५. मग व्हिसा सेंटरचे ३२५ आणि १२०. व्हिसा मिळाल्यावर कार्ड छापण्याचे २३५. वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला आणि सगळ्या झेरॉक्स वेगळ्या. त्यातले १२० डॉलर आय-८६४ या हमीपत्राच्या छाननीचे आहेत. माझ्या मते अख्ख्या फायलीतला हा सर्वांत वजनदार कागद, आणि मुलीकडचं कुणी तो वाचत नाही. नवरा लिहून देतो की माझं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापट आहे, आणि हिला मी सरकारवर भार होऊ देणार नाही. दोघांच्या कुटुंबाला २०२४ साली हा आकडा वर्षाला २५,५५० डॉलर होता. उत्पन्न कमी पडलं तर दुसरा हमीदार उभा करता येतो. भाचीच्या वेळी सासरे उभे राहिले. गंमत अशी की ही हमी घटस्फोटाने संपत नाही. बायको अमेरिकन नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खात्यावर साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत ती बांधून ठेवते. ती कायमची देश सोडून गेली किंवा दोघांपैकी कुणी वारलं तरच आधी सुटका. सात जन्मांच्या गोष्टी आपण करतो, लेखी कुणी देत नाही. इथे निदान एका जन्माचं लेखी घेतात.

पण बाकी सगळ्या चाव्या नवऱ्याच्याच खिशात. अर्ज त्याचा. बायको ‘लाभार्थी’. व्हिसा मिळेपर्यंत तो कधीही एका पत्राने अर्ज मागे घेऊ शकतो, आणि त्यावर तिने दाद मागायची तर कुठे? परदेशस्थ नवऱ्यांनी सोडून दिलेल्या बायकांच्या तक्रारी इतक्या येऊ लागल्या की राष्ट्रीय महिला आयोगाने २००९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कक्ष काढला. २०१९ च्या फेब्रुवारीत अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचं विधेयकही राज्यसभेत मांडलं गेलं. अशा प्रकरणांत ‘व्हिसाचं काम चालू आहे’ हे वाक्य किती दिवस पुरतं, ते बघण्यासारखं आहे. म्हणून एक साधी गोष्ट सांगते. आय-१३० ची पावती क्रमांकासकट मागून घ्या. तो क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला की अर्ज कुठे पोचलाय ते सांगलीत बसून दिसतं. त्यात कुणाचा अपमान नाही. पत्रिका मागताना लाजत नाही आपण.

नवरा कितीही चांगला असला तरी सरकारचा भरवसा नाही, हेही खरं. २२ एप्रिल २०२० रोजी ट्रम्प यांनी कोविडमुळे झालेल्या बेकारीचं कारण देत नवे इमिग्रंट व्हिसा थांबवण्याचा हुकूम काढला. त्यात नागरिकांच्या बायका-नवऱ्यांना सूट होती, ग्रीन कार्डवाल्यांच्या नव्हती. बायडन यांनी तो मागे घेतला २४ फेब्रुवारी २०२१ ला. नागरिकांनाही फार टेंभा मिरवायला नको. लॉस एंजेलिसमधल्या सँड्रा मुन्योस या वकीलबाईंच्या एल साल्वाडोरच्या नवऱ्याला गुन्हेगारी टोळीशी संबंध असल्याच्या संशयावरून व्हिसा नाकारला गेला. अंगावरचं गोंदण हे संशयाचं एक कारण असल्याचं पुढे आलं. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २१ जून २०२४ ला सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला : परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा, हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही.

भाचीचं गाडं सुटलं ते तिच्या नवऱ्याने नागरिकत्व घेतल्यामुळे. २०१८ चं कार्ड, पाच वर्षं भरत आली तसा त्याने अर्ज केला आणि २०२४ च्या सुरुवातीला शपथ घेतली. त्याबरोबर तिचा तोच जुना अर्ज एफ२ए च्या रांगेतून निघून निकटच्या नातेवाइकांत गेला. नवा अर्ज नाही, नवी फी नाही. शपथेच्या प्रमाणपत्राची प्रत मात्र पाठवावी लागते, ते आपण होऊन कुणी करत नाही. हे माहीत नसल्यामुळे नवरा नागरिक होऊनही रांगेत राहिलेल्या बायका मी ऐकल्या आहेत.

मग मुंबई. भारतातले इमिग्रंट व्हिसाचे जवळपास सगळे इंटरव्ह्यू मुंबईतच होतात. त्यामुळे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्या इमारतीसमोर पहाटे उभ्या असलेल्या घोळक्यात जालंधर, आणंद, हैदराबाद, सगळे भेटतात. २०११ पर्यंत ही वकिलात ब्रीच कँडीला समुद्रावर होती. आमच्या पिढीला भुलाभाई देसाई रस्त्यावरची ती रांग अजून आठवते. इंटरव्ह्यूच्या आधी ठरवून दिलेल्या डॉक्टरकडे तपासणी. छातीचा एक्स-रे क्षयासाठी. जुना डाग दिसला तर थुंकीची तपासणी आणि कल्चर होतं, त्यात दोनेक महिने जातात. लहानपणीचं लसीचं कार्ड कुणाकडे असतं? मग गोवर-गालगुंड-रुबेला, धनुर्वात, कावीळ ब, ज्या लागतील त्या पुन्हा टोचून घ्यायच्या. भाचीचे दोन्ही दंड सुजले होते.

लग्न खरं आहे हे दाखवायला काय न्यायचं, यावर तिच्या घरी खल चालला होता. अल्बम तीन, प्रत्येक चार किलोचा. फोटोग्राफरने नवरा-नवरीला ढगात उभं केलेलं, मागे स्वित्झर्लंड. मी म्हटलं, ही पानं ठेव घरी. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना उभे मामा, पंगतीत वाढणारे सासरे, पाठवणीला रडून नाक लाल झालेली तुझी आई, असे वीसेक फोटो घे. दोन्हीकडची माणसं एका चौकटीत दिसायला हवीत. सोबत नवऱ्याच्या पासपोर्टवरचे भारतात आल्याचे शिक्के, फोनच्या नोंदी, तिला पाठवलेले पैसे, विम्यावर तिचं नाव. ठरवून झालेलं लग्न म्हणून मुंबईतल्या अधिकाऱ्यांच्या भुवया उंचावत नाहीत, त्यांनी अशी हजारो पाहिली आहेत. माणसंच नसलेलं लग्न त्यांना खटकतं.

मोबाइल आत नेता येत नाही. हात वर करून शपथ, बोटांचे ठसे, आणि काचेपलीकडून प्रश्न. नवरा काय काम करतो, लग्नानंतर किती वेळा आला, सासरी कोण कोण आहे, मूळ अर्ज आधी कोणत्या वर्गात होता. दोन आयांबद्दल काचेपलीकडच्या बाईंनी विचारलंच. भाचीने प्रतिज्ञापत्र सरकवलं आणि सांगितलं, ‘आमच्याकडे पहिलं मूल आजीच्या घरी होतं.’ बाई म्हणाल्या, माहीत आहे, आणि पुढचं पान उलटलं. मेव्हण्यांच्या दोन वर्षांच्या पायपिटीला एवढाच वेळ लागला. कागद कमी पडला तर २२१(जी) ची चिठ्ठी मिळते आणि तो पुरा होईपर्यंत प्रकरण लटकतं. तिला ती मिळाली नाही, पासपोर्ट ठेवून घेतला.

व्हिसा आला नोव्हेंबरच्या मध्यावर. त्यावर ‘सीआर१’ असं छापलेलं. यातलं ‘सी’ सशर्त. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तिकडे पोचणाऱ्याला दोनच वर्षांचं कार्ड मिळतं. हा नियम १९८६ चा, खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी केलेला. त्या वेळी इमिग्रेशन खात्याने ३० टक्के अशी लग्नं बनावट असल्याचं संसदेत सांगितलं होतं. त्या पाहणीला शास्त्रीय आधार नव्हता हे पुढे खात्यानेच मान्य केलं, नियम मात्र राहिला. त्या कार्डाची मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा, ७५० डॉलर भरायचे, आणि एकत्र राहतो हे पुन्हा कागदांनी दाखवायचं. त्यातही नवऱ्याची सही लागते. छळ किंवा घटस्फोट असेल तर तिला एकटीला भरता येतो, पण मग सिद्ध करण्याचं ओझं तिच्यावर.

दोन वर्षं मोजतात ती विमानतळावर शिक्का बसतो त्या दिवशी. व्हिसा कोणत्या तारखेला छापला याला महत्त्व नाही. भाचीने हे कुठूनसं वाचून पक्कं करून घेतलं होतं. लग्नाचा दुसरा वाढदिवस डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात होता आणि व्हिसाची मुदत त्यापुढे कित्येक महिने होती. नवऱ्याने नोव्हेंबरअखेरचं तिकीट बघून ठेवलं होतं, सासूबाईंनी मैत्रिणींना जेवायला बोलावून ठेवलं होतं. हिने वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसाचं काढलं. त्यावरून फोनवर दोन दिवस चांगलीच धुसफूस झाली. सासरे तेवढे म्हणाले, ‘बरोबर करतेय ती, तुझ्याकडे सह्या मागायला नकोत.’ नेवार्कला अधिकाऱ्याने ‘सीआर’ वाचून तसाच शिक्का उचलला, तेव्हा तिने लग्नाचा दाखला पुढे करून तारीख दाखवली. त्याने बोटांवर मोजलं आणि दुरुस्ती केली. कार्ड घरी आलं ते दहा वर्षांचं.